मारुतीच्या हातची भाकरी

मारुती गेला तेव्हा अख्खं आळे गाव गोळा झालं होतं. जो तो डोळे पुसत होता. असा माणूस व्हायचा नाही, देवमाणूस होता, असं चाललं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, घे, इथंही माझ्याआधी नंबर लावलास.

कुणीतरी मला म्हणालं, "बबनराव, तुमचा तर जिवाभावाचा व्हता. दोन शब्द बोला."

मी म्हणालो, "मला त्याचं चांगलं कधी बघवलं न्हाई."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. म्हाताऱ्याची बायको गेली, आता दोस्त गेला, डोकं जाग्यावर नाही, असं वाटलं असणार त्यांना. एकानं तर मला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. डोकं चांगलं जाग्यावर होतं. जे खरं तेच बोललो होतो. तिथं पुढं बोलू दिलं नाही, म्हणून इथं लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत. तेव्हा जसं येईल तसं.

मारुतीचं रान आणि माझं रान, मधी एक बांध. पन्नासेक वर्षं आम्ही त्या बांधाच्या दोन्ही अंगांनी काढली. त्याचा कांदा माझ्या कांद्यापेक्षा तजेलदार दिसायचा. त्याच्या विहिरीचं पाणी गोड लागायचं. पाऊस पडला की मला वाटायचं, बांधाच्या पलीकडं जरा जास्त पडला. तारा, माझी बायको, म्हणायची, "आवं, ढगाला काय तुमचा बांध दिसतोय का?" पण मला दिसत होता ना.

दिसायला म्हणाल तर त्याच्यात काही नव्हतं. बुटका, कान एवढे थोरले की टोपी घातली की बाहेर वाकायचे. पण दाढी रोज. कुठंही असो, दाढी केल्याशिवाय चहा नाही. शर्टाला इस्त्री. आणि हसायला लागला की आवाज न करता नुसते खांदे हलवायचा, त्यामुळं बघणाऱ्यालाच हसू फुटायचं. मी एवढा मोठ्यानं हसतो, माझ्याबरोबर कोणी हसत नाही. हे कसं, ते मला आजपर्यंत कळलं नाही.

तरुणपणी त्याला धरणावर चौकीदाराची नोकरी होती. ओतूरच्या पुढं, मढच्या बाजूला मोठं धरण आहे, त्याच्या काठावर त्याला एक खोली दिलेली. कौसल्यावहिनी, म्हणजे त्याची बायको, इकडं आळ्याला सासू आणि पोरं सांभाळत होती, आणि हा तिकडं एकटा. करून घालायला कोणी नाही, तर हा स्वतःच भाकरी थापायला शिकला. नोकरी संपली, माणूस घरी आला, पण ते पाणी त्याच्या डोक्यातून गेलं नाही. सगळं गाव त्याला धरण म्हणायचं. हा म्हणायचा, तळं. "औंदा तळं भरलंय." "तळ्यावर जायचंय." जसं काय याच्या बापानं खोदलं होतं.

दरसाल बाजरी निघाली, कांद्याची लागण अजून व्हायची आहे, अशा मधल्या मोकळ्या दिवसांत तो सगळं घर घेऊन तळ्यावर राहायला जायचा. पुण्याची माणसं आता तंबू घेऊन येतात, त्याला काहीतरी नाव आहे. याला ते नाव माहीत नव्हतं तेव्हापासून हा जात होता. कांद्याचा टेम्पो धुऊन काढायचा. त्यात दोन ताडपत्र्या, दोर, घागरी, काठवट, तवा, सरपण, मुलगे, सुना, नातवंडं. आणि मधोमध बाज, बाजेला चारी बाजूंनी दोर बांधलेले, आणि बाजेवर त्याची म्हातारी आई. ती जिवंत होती तोवर तिला सोडून तो कधी गेला नाही. म्हातारी त्या उंच जागेवरून रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्यांना शिव्या द्यायची. आळेफाट्याच्या चौकात गाडी थांबली की लोक बघायला जमायचे. म्हातारी ओरडायची, "काय बघता रं, वरात न्हाई ही! फिराया चाललोय!"

मी रस्त्याच्या कडेला उभं राहून ते बघायचो. आमचा एकुलता पोरगा चाकणला कंपनीत. दिवाळीला आला तरी दुसऱ्या दिवशी परत जायचं बोलायचा. आणि याचे तिघं मुलगे, तिघांच्या चुली वेगळ्या, वर्षभर एकमेकांशी पाटाच्या पाण्यावरून भांडणारे, पण बापानं टेम्पोचा भोंगा वाजवला की तिघंही चढून बसलेले. कसं जमवलं यानं? काय घातलं होतं त्यांच्या ताटात?

एका वर्षी टेम्पो आमच्या दारात येऊन थांबला. मारुती खाली उतरला. माझ्याशी बोललाच नाही. सरळ ओट्यापाशी जाऊन म्हणाला, "वहिनी, लुगडं बदला. तळ्यावर जायचंय."

तारा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "गुरं कोण बघणार?"

"माझा चुलता बघतोय. मागच्या दारानं येऊन गोठ्यात बसलाय तो."

मी जाऊन बघितलं तर खरंच बसला होता, तंबाखू मळत. गोष्ट आधी ठरवून टाकायची आणि मग विचारायला यायचं, ही त्याची रीत. मला राग आला, पण तारा तोवर लुगडं बदलून आली होती. एवढ्या चटकन ती माझ्या शब्दावर कधी उठली नव्हती.

तळ्याच्या वरच्या अंगाला झाडी आहे. जांभळं, करंज, हिरड्याची झाडं, आणि त्यांच्या मुळांपर्यंत धरणाचा फुगवटा आलेला. एका जांभळीखाली त्याची जागा ठरलेली. पाण्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड, ते आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे. मारुती उतरला की आधी त्यांना हात जोडायचा. मग जांभळीच्या खिळ्याला दाढीचा आरसा टांगायचा. मग ताडपत्री. ताडपत्रीच्या गाठी दुसऱ्या कोणाला मारू द्यायचा नाही.

तळ्यावर त्याचे कायदे होते. पहिला म्हणजे तिथं सगळ्यांनी सगळ्यांना पावणं म्हणायचं. स्वतःच्या पोरालाही "ओ पावणं, घागर आणा" म्हणायचा. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाला, "पावण्याला कोण टाकून बोलतंय का? घरचा म्हणलं की तोंड सुटतं." आणि खरंच, ते तिघं भाऊ तिथं एकमेकांना "पावणं, मीठ द्या" म्हणत मांडीला मांडी लावून बसले होते. मला वाटलं, नाटकं आहेत. पण नाटक तरी माझ्या घरात कधी झालं होतं का?

दुसरा कायदा मात्र मला झोंबला. तळ्यावर बाईमाणसानं चुलीला हात लावायचा नाही. तीन दगड मांडायचे पुरुषांनी, जाळ करायचा पुरुषांनी, भाजी पुरुषांची आणि भाकरी मारुतीची. बायांनी पाण्याकडं तोंड करून बसायचं. पहिली भाकरी आसरांच्या दगडापुढं ठेवायची. दुसरी, तव्यावरून उतरलेली, वाफ निघत असलेली, तिथल्या एका बाईला. मग बाकीच्या बाया. मग पोरं. पुरुष शेवटी.

त्या दिवशी त्याच्या आईनं सांगितलं, "मला दरसाल देतोस. आज त्या पोरीला दे." पोरगी म्हणजे आमची तारा. केस पिकलेली.

ताराला तोवर काय करावं कळत नव्हतं. रिकामं बसायची सवय नाही. दोनदा चुलीकडं उठली, दोनदा कौसल्यावहिनीनं पदर ओढून खाली बसवलं. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. वहिनी म्हणाली, "ताराबाई, हात बाहेर काढा की. चोरी केल्यावानी काय लपवताय?"

तारा म्हणाली, "कुठं ठेवायचं त्यांना तेच कळंना."

मारुतीनं भाकरी आणली. ताटात नाही, हातावर. म्हणाला, "धरा पावणं. हात भाजला तर मला नाव ठेवा." तारानं ती तळहातावर घेतली, चटका बसला तशी पदरात टाकली, एक तुकडा मोडला, तोंडात घातला. आणि तिनं डोळे मिटले. मी समोर बसलो होतो. माझ्या बायकोनं दुसऱ्या पुरुषाच्या हातचा घास घेऊन डोळे मिटले, आणि मी कांदा सोलत बसलो होतो. तोही नीट सोलू दिला नाही. माझं उजव्या हाताचं मधलं बोट कडबा कुट्टीच्या यंत्रात निम्मं गेलेलं आहे. तारा डोळे उघडून म्हणाली, "भावजी, त्यांच्या हातात इळी देऊ नका. साडेनऊ बोटं हायेत, नऊ व्हायची." सगळं तळं हसलं. मारुतीचे खांदे हलत होते.

तिसऱ्या प्रहरी त्याच्या सुनांनी बिबट्याचं काढलं. झाडी एवढी, आला म्हणजे? मारुती म्हणाला, "बिबट्याला भेटायचं असंल तर आळ्याच्या उसात जा. तिकडं त्याचा संसार हाय. हितं कशाला येतोय तो, पाण्यात पाय सोडून बसाया?" ताराला एवढं हसू आलं की ठसका लागला. हाच विनोद मी चावडीवर केला असता तर लोकांनी विचारलं असतं, मग पिंजरा कधी लावायचा?

तेव्हापासून आमच्या घरात ती भाकरी शिजत राहिली. पाहुणे आले, तारा सांगायची. लग्नात बायांच्या घोळक्यात सांगायची. "मारुतीभावजींनी आसरांच्या मागनं पयली भाकरी माझ्या हातावर ठिवली. तव्यावरनं. चटका बसला." चटका बसला हे सांगताना तळहात पुढं करायची. मी तिला पुतळ्यांची माळ केली होती, तिचं कौतुक कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

मला हे सहन झालं नाही. पुढच्या साली मारुतीचा टेम्पो यायच्या आधीच मी पोराला फोन लावला आणि म्हणालो, ते तंबूचं असतंय ते कर. त्यानं आंबेगावच्या बाजूला, डिंभ्याच्या धरणाकाठी, एका ठिकाणी आमच्या नावानं तंबू घेतला. मी ताराला म्हणालो, "या टायमाला मी नेतो तुला तळ्यावर. बघ कसं असतंय."

कसं होतं ते सांगतो. तंबू म्हणजे मच्छरदाणीपेक्षा जरा मोठा. आत रांगत जायचं. ताराचे गुडघे दुखत होते, ती आत शिरली ती तिला परत फिरताच येईना. मी पाय धरून तिला मागं ओढलं. बाजूला पुण्याच्या पोरापोरींचा घोळका, आणि कर्णा लावलेला, त्यातून धडधड गाणी. समोर पाणी होतं ते चांगलं होतं. पाण्याला काय, ते सगळीकडं चांगलंच असतंय.

जेवायच्या वेळेला तारा दिसेना. शोधत गेलो तर मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तिथं दोन बायका चुलीपुढं घामाघूम झालेल्या. माणसं जास्त आली होती आणि भाकरी पुरत नव्हत्या. आणि त्यांच्या मधे आमची तारा, पदर खोचून, पीठ मळत बसलेली. पुण्याच्या लोकांना भाकरी थापून घालत होती.

मी म्हणालो, "आगं, आपण पावणं आहोत हितं!"

ती म्हणाली, "आवं, त्या बाईच्या हाताला फोड आलाय. मी काय नुसती बघत बसू?" आणि भाकरी उलटताना वर न बघताच म्हणाली, "भावजी असते तर मला उठू दिलं नसतं."

घरी आलो तर मारुती बांधावर उभा. म्हणाला, "कसं झालं?" मी म्हणालो, "लई झाक." तारा म्हणाली, "लई झाक." आणि दोघंही हसायला लागले. मी नाही.

पुढं मी अडवलं नाही. दर साली ती गेली, मीही गेलो. ती जाते तर मी घरी बसून काय करू? जांभळीखाली बसून मी त्याचे हात बघायचो. भाकरी थापताना त्याचं लक्ष हाताकडं नसायचंच, पाण्याकडं असायचं. भाकरी आपोआप गोल व्हायची. बोटाचा एक ठसा नाही, जसा काय चंद्र हात न लावता उचललाय. मी म्हणायचो, बाईचं काम आहे. पण बघत बसायचो.

मग तारा आजारी पडली. पोटाचं दुखणं. नारायणगावला दाखवलं, पुण्याला दाखवलं, आणि डॉक्टरनं एके दिवशी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरीच ठेवा, खाईल ते द्या. खाईल ते म्हणजे काय? ती काहीच खात नव्हती. चाकणहून सून येऊन खिचडी करून गेली, मऊ भात झाला, रव्याची पेज झाली. वाटी पुढं केली की तोंड फिरवायची.

एका सकाळी म्हणाली, "मारुतीभावजींच्या हातची भाकरी खावीशी वाटती."

मी तिच्या उशाशी बसलो होतो. रात्रंदिवस मीच बसत होतो. पाठ मीच चोळत होतो, न्हाऊ मीच घालत होतो. आणि तोंडात नाव कुणाचं आलं, तर बांधापलीकडचं.

तरी गेलो. बांधावर उभा राहून सांगितलं. मारुतीनं खुरपं तिथंच टाकलं. तवा आणि काठवट घेऊन आला, आमच्या परसात तीन दगड मांडले आणि भाकरी केली. तारा आतल्या खोलीत खाटेवर होती. तिनं चतकोर खाल्ली. किती दिवसांनी तिच्या पोटात काही गेलं, आणि मला दारात उभं राहून एकाच वेळी आनंद होत होता आणि आत जाळ होत होता.

दुसऱ्या दिवशी तो तवा घेऊन आला तेव्हा मी परसाच्या दारात आडवा उभा राहिलो.

"तवा ठेव. मी करतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तू?"

"का? हात न्हाईत का मला?"

"हायेत की. साडेनऊ बोटांचे." पण हसला नाही. बाजूच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "पीठ घे. पाणी गरम घे. गार पाण्यानं बाजरीचं पीठ तुटतंय."

पहिली भाकरी काठवटीतून उचलताना दोन तुकडे झाली. दुसरी तव्यावर पडताना दुमडली. तिसरीच्या कडा अशा चिरल्या की उन्हाळ्यातलं रान बरं. मारुती बसल्या जागेवरून बोलत होता. "बडवू नकोस, म्हैस न्हाई ती. थाप. मनगट सैल सोड. आरं, मळ अजून, पिठाला चिकटाई येऊ दे." मी म्हणालो, "तू गप रहा." तो गप्प राहिला की म्हणायचो, "आता काय करू ते सांग की!" कुत्र्याला टाकलेल्या भाकरी कुत्र्यानं हुंगून सोडल्या. मारुती म्हणाला, "तू उद्या त्याला बी शिकव."

कितीतरी वेळानं एक भाकरी तव्यावरून उतरवून जाळापुढं उभी केली, आणि ती फुगली. पुरती नाही, निम्मी. पण फुगली.

मारुती म्हणाला, "जा, ने आत."

मी ताट हातात घेतलं. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. "तूच ने. तुझं नाव घेऊन खाईल ती. माझी म्हणलं तर पोटात जायची न्हाई."

"बबन, आसं करू नगंस."

"ने म्हणतो ना."

तो आत गेला. मी परसात पिठाच्या हातांनी उभा. आतून काही बोलणं ऐकू आलं, आणि मग तारा हसली. त्या दुखण्यात ती हसलेली मी ऐकली नव्हती. बारीक, दम लागलेलं, पण हसूच. मारुती बाहेर आला.

"काय म्हणली?"

"काय न्हाई. भाकरी चांगली झाली म्हणली."

"मग हसली कशाला?"

"तुला काय करायचंय? खाल्ली ना?"

मी आत गेलो तर तारा माझ्याकडं सरळ तोंडानं बघत म्हणाली, "भावजींच्या हाताला काय चव हाय, नाय?" मी म्हणालो, "हं."

मग तेच रोज. मारुती यायचा, दगडावर बसायचा. मी थापायचो, तो आत न्यायचा, ती खायची आणि माझ्या तोंडावर त्याची तारीफ करायची. आणि मी दुसऱ्या दिवशी आणखी चांगली करायला बघायचो. पीठ दोनदा चाळलं. सरपण बदललं. मनात एकच, याच्यापेक्षा चांगली झाली पाहिजे, आज तिनं म्हटलं पाहिजे की कालच्यापेक्षा बरी. ती म्हणायचीही, "आजची कालच्याहून मऊ." आणि नाव मारुतीचं. माझीच भाकरी आणि माझाच जळफळाट. मारुतीला सांगितलं तर खांदे हलवायचा.

एक दिवस तिनं भाकरी नुसती हातात धरली, खाल्ली नाही. ऊब घेतली आणि परत दिली. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

त्या साली टेम्पोचा भोंगा वाजला तेव्हा मी दार उघडलं नाही. मारुतीच आत आला. त्याला मधी पक्षवाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा, पाय ओढत चालायचा. पण दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. म्हणाला, "चला पावणं."

"मी न्हाई येत. तुझी बायको हाय, पोरं हायेत. मी काय बघाया येऊ?"

"बघाया न्हाई. भाकरी थापाया. पोरांच्या हातनं व्हईनात, आणि माझा हात गेला."

गेलो. पाणी तसंच, जांभळी तशीच. मारुतीचा आरसा खिळ्याला टांगलेला. कौसल्यावहिनी बायांमधे बसलेली, तिच्या शेजारी एक जागा आपोआप मोकळी राहिलेली. मी तिकडं बघितलं नाही. काठवट पुढं ओढली आणि थापायला बसलो. पहिली आसरांना ठेवली. दुसरी वहिनीला दिली, हातावर, त्याच्यासारखी. बाया झाल्या, पोरं झाली.

मारुती चुलीशेजारी दगडावर बसला होता. भाजून झालेली एक भाकरी त्यानं डाव्या हातानं उचलली, उन्हाला धरली, आणि माझ्यापुढं केली.

"हे बघ."

"काय बघू?"

"नीट बघ की." भाकरीवर माझ्या बोटांचे ठसे उमटलेले होते. एवढ्या भाकरी थापल्या पण ते काही माझे गेले नाहीत. तीन लांब, आणि मधी एक तोकडा.

"वहिनीनं पयल्याच दिवशी वळखलं व्हतं," मारुती म्हणाला. "ताट घेतलं, भाकरी अशीच उजेडाला धरली, आणि हसाया लागली. म्हणली, भावजी, ही साडेनऊवाल्यांची हाय."

माझे हात पिठात तसेच राहिले. "मग मला का न्हाई बोलली?"

"मी म्हणलं, सांगतो त्याला. तर हात जोडले तिनं. म्हणली, नका सांगू. मी खूश झाले हे कळलं की ते निवांत बसतील. तुमच्यावर जळत्यात तवर थापत्यात. जळू द्या त्यांना."

तव्यावरची भाकरी धुरायला लागली होती. मी उलटली. मग म्हणालो, "मारत्या, एवढे दिवस हे तू खिशात घालून हिंडलास."

"शपथ घातली व्हती तिनं."

"मग आज कशाला मोडलीस?"

त्यानं लुळ्या हाताकडं बघितलं. "माझ्या संगं गेलं आसतं तर तुला कधीच कळलं नसतं."

खरं सांगायचं तर मला तेव्हाही त्याचा हेवाच वाटला. तिचं ते हसू माझ्यावरचं होतं, माझ्या भाकरीवरचं होतं, आणि समोर बसून बघायला मिळालं त्याला. मी भिंतीपलीकडून ऐकलं. आजही मला ते तोंड बघायला पाहिजे आहे आणि ते मला मिळणार नाही. ते एकट्या मारुतीनं बघितलं आणि आता तोही गेला.

पण त्या दिवशीचं राहिलं ते सांगतो, कारण त्यानंतर तो मला हिंडता-फिरता दिसला नाही.

पुढची भाकरी चांगली झाली. थापताना मी पाण्याकडं बघत होतो. जाळापुढं उभी केली आणि ती टम्म फुगली, सगळ्या बाजूंनी. मी ती उचलली आणि मारुतीकडं गेलो. त्याला कोणी कधी वाढलेलं नव्हतं तिथं. एवढ्या वर्षांत तो सगळ्यांना देऊन मग स्वतः तव्यापाशीच उकिडवा बसून खायचा. आता चूल माझ्याकडं, आणि तो दगडावरून उठून जांभळीला टेकून रिकामा बसलेला. लुळा हात उपरण्याखाली घेतलेला. आणि मी बघितलं, चांगला हातही त्यानं उपरण्याखालीच घेतला होता. तारा पहिल्या वर्षी बसली होती तसाच.

मी म्हणालो, "पावणं, हात बाहेर काढा."

त्यानं डावा हात पुढं केला. मी भाकरी त्यावर ठेवली. चटका बसला असणार, पण त्यानं हात मागं घेतला नाही. भाकरी मांडीवर ठेवून एक तुकडा मोडला, तोंडात घातला, बराच वेळ चावला. पोरं, सुना, कौसल्यावहिनी, सगळी त्याच्याकडं बघत होती. वहिनी म्हणाली, "आवं, बोला की. कशी झालीय?"

मारुतीनं माझ्याकडं बघितलं नाही. तळ्याकडं बघत म्हणाला, "जरा करपलीय."

करपली नव्हती. एक काळा ठिपका नव्हता तिच्यावर. सगळ्यांनी बघितलं होतं.

मला लई बरं वाटलं.